खातं काढणे

"पप्पा, वायर उपटू नको. आधी ऐक."
हॅलिफॅक्सला रात्रीचा एक वाजला असंल.
इथं उद्यमनगरात रविवार, भोंगा नाही,
पलीकडच्या फाउंड्रीची भट्टी थंड.
अकराला कागलचा एक पोरगा येणार आहे
टीव्हीखालचा काळा डबा न्यायला,
आणि डब्यात अजून शलाका आहे.

"पहिलं, सेव्ह वर चढव."
चढवतो.
निळी पट्टी सरकते काकवीच्या धारेगत,
हलवून उपयोग नाही.
सात हंगाम, दोनशे बारा मॅचा,
कुठल्या कुठल्या देशांचे अकरा खेळाडू
आणि वर नाव आमच्या गल्लीच्या तालमीचं.
"थांब, मला इथनं दिसू दे.
हं. आलं सगळं."

"आता कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसतात काय?
ते काढून टाक."
टाकले.
"खाली 'घरचं यंत्र' लिहिलंय बघ. ते बंद कर.
नुसतं नाव पुसून भागत नाही,
आधी त्याला सांगायला लागतं
की हे माझं घर नव्हं."
"पप्पा? रेंज गेली काय?"
"नाही. चष्मा पुसतोय."

चौतीस वर्षं लेथवर काढली मी.
त्यातली वीस तिसऱ्या पाळीत.
मशीन सुटलं, पाळी सुटली नाही.
अजून तीनला डोळा उघडतो,
उठून बसतो, हात काहीतरी फिरवायला मागतात.

म्हणून तर पडद्यावर तिच्या नावाखाली
आपलं आपण उमटलंय:
शेवटचा खेळ, आज, पहाटे तीन दहा.

पकडला गेलो.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.
"दोस्त विचारायचे,
तू इथं बसस्टॉपवर उभी, आणि तिकडं
तुझा हिरवा दिवा लागतो कसा?
आणि नऊ-शून्यानं हरतीस कशी?"
हसली. मग म्हणाली,
"मी रोज बघत होतो.
दिवा लागला की कळायचं, पप्पा जागा आहे.
विझला की, झोपला."

बघत होतो म्हणाली. होते नाही.
तिकडच्या बर्फातही कोल्हापूरची पोर
'आलो-गेलो'च बोलते.

"आता नावावर जा. काढून टाका, असं असंल."
आहे.
खाली लाल अक्षरात: हे परत आणता येणार नाही.
"लिहू दे त्याला काय लिहायचंय ते.
सेव्ह वर गेलंय. दाब."

लेथवर जॉब कापताना असतो तसा
एक आवाज येईल, असं मला वाटलेलं.
काहीच आलं नाही.
तिचा फोटो होता तिथं गोल, राखाडी,
आणि खाली: नवीन नाव जोडा.

"आता मोबाईल घे, आणि खातं काढ."
"आत्ताच काढलं की."
"ते माझं काढलं. तुझं काढ."

बँकेतला क्लार्कही असंच म्हणाला होता,
पहिल्या पगाराला, खातं काढा म्हणून,
आणि मी घाबरून विचारलेलं,
अजून नाहीच तर काढू कशातनं?

कागलचा पोरगा वेळेवर आला.
डावी कांडी अंगठ्यानं चाचपली,
एका अंगाला झिजलेली.
काही बोलला नाही, पाचशे कमी दिले.
"काका, पूर्ण रिकामं केलंय न्हवं?"
"पूर्ण."
गुळाच्या खोक्यात घालून, सुतळीनं बांधून दिलं.

टीव्हीखाली आता धुळीची चौकट आहे.
रात्री डोळा उघडला, बघितलं, तीन दहा.
मोबाईल उचलला.
खेळ नाही, संघ नाही, हरायलाही कुणी नाही,
माझ्या नावापुढं नुसता ठिपका, हिरवा.
तिकडं पावणेसात होत आले असतील.
बसची वेळ.