सैकहून खाली

सैकहून निघालो तेव्हा उन्हं कलली होती.
मागे डाळिंबाच्या साठ पेट्या,
आणि उतारावर चाक पहिल्यांदाच माझ्या हातात.
सांगोल्याचा मी. डाळिंबाने इथेही पाठ सोडली नाही
म्हणून परकारमामा सकाळपासून हसतोय.

गिअर इथे उजव्या हाताला.
महिनाभर माझा डावा हात
दाराच्या काचेखाली काहीतरी शोधत होता.

पहिल्या वळणाला पाय ब्रेकवर गेला.
दुसऱ्यालाही.
तिसऱ्याला मामा म्हणाला, काढ.
घाबरलास की दाबायचं,
हे कुणी शिकवलं तुला?
मी बोललो नाही.
सगळ्यांनीच शिकवलं होतं.

दुसरा टाक, म्हणाला.
क्लच, मधे रेसला एक टिचकी,
मग सोड, हळू,
झोपलेल्याच्या अंगावरून हात काढतात तसा.
टाकला.
काटा उडून चारावर, इंजिन घुमलं,
पेट्या बोटभर पुढे सरकल्या
आणि गाडी, मागून कुणी शर्ट धरल्यासारखी,
कुरकुरत उतरू लागली.
ओरडू दे, मामा म्हणाला,
ओरडते तोवर आपली आहे.
गप्प झाली की भ्यायचं.

उजवीकडे खडीची ती आडवाट,
डोंगरातच वर चढून संपणारी,
ब्रेक गेलेल्यांसाठी राखलेली.
तिच्यात दोन खोल चाकोऱ्या.
मामाने तिकडे पाहिलं नाही.

एक पांढरी गाडी आम्हाला मागे टाकून गेली,
लाल दिवे सतत पेटलेले,
मागे जळक्या लायनिंगचा वास.
ऑटोमॅटिक, मामा म्हणाला,
एखाद्याचं आडनाव सांगावं तसं.

चौतीस वर्षं हा घाट.
पुढच्या महिन्यात तो म्हसळ्याला, कायमचा.
रमजानात रात्रीची फेरी सोडली,
मग मस्कतची.
चाक आज.

बिरकत अल मौझ. सपाटी, खजुरी, पोलिसांची चौकी.
मामा उतरला,
गुडघा धरत पुढच्या चाकाशी उकिडवा बसला
आणि रिमला उलटा हात लावला,
तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
चार पोरांचा ताप त्याने
फोनवरच मोजलाय.

हात बराच वेळ तिथेच.
मग म्हणाला, ये, तू पण बघ.

कोमट होतं.
तेही बहुतेक उन्हाचं.