शीट क्रमांक अकरा

एकतीस वर्षं मी सांगलीच्या भूमी अभिलेखात
गावं उतरवली,
ट्रेसिंगच्या कापडावर, बारीक निबेनं.
त्यातल्या एकाही गावाला गेले नाही.
कुणी विचारलं तर सांगायचे, ओळखते की,
तासगावची वेस, औंधचं तळं,
माझ्या मनगटाला पाठ आहेत.

निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात साताऱ्याची एसटी धरली.
स्टँडवरून माहुलीचं वडाप.
शेजारच्या पोराच्या मांडीवर कोंबडा,
माझ्या मांडीवर पिशवी:
दोन दशम्या, लसणाची चटणी, छत्री.

नदी माझ्याकडे दोन रेषांची होती,
मधे कोरं कापड.
इथे त्या कोऱ्यात म्हशी बसल्यात,
एक बाई गोधडी आपटते आहे,
आवाज पलीकडच्या देवळाला टेकून
उशिरा परत येतो.
संगम मी एका टोकानं दाखवला होता,
वेण्णा येते, कृष्णेला मिळते, संपलं.
पण नेमकी कुठे मिळते
ते पायरीवर उभं राहून काही केल्या सापडेना.
बराच वेळ दोघी शेजारून जातात,
एक जरा गढूळ, एक हिरवट,
न बोलणाऱ्या जावांनी
एकाच मोरीवर भांडी घासावीत तशा.

विश्वेश्वराच्या दगडाला हात लावला. तापलेला.
माझ्या कापडावर हे देऊळ
मुगाच्या दाण्याएवढं.
राजाच्या कुत्र्याच्या समाधीपाशी
कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडून ठेवलेला,
आणि एक खरं कुत्रं सावलीत,
त्याला तोंडही न लावता झोपलेलं.

पण मी आले होते दुसऱ्याच कामाला.

सातारचं काम तुंबलं म्हणून
अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात
माहुली माझ्या टेबलावर आली होती.
वीज गेलेली. घामानं निसटली निब,
आणि शीट क्रमांक अकरावर
घाटाच्या वरच्या अंगाला
शाईचा थेंब पडला.
ब्लेडनं खरवडावं तर कापड विरायचं.
अत्तार साहेब चहाला गेलेले.
मी थेंबाभोवती वर्तुळ काढलं,
बाजूला लिहिलं: वि.
विहीर.
चार वाजता सही झाली, शिक्का झाला.

घाट चढून वर गेले. बाभूळ, कुंपण, उकिरडा,
आणि उंबऱ्यावर सुपारी कातरत
हैबती गुरव.
म्हटलं, काका, इथे कुठे विहीर होती का?
अडकित्ता थांबला.
"व्हती की! सरकारी नकाशात हाय.
मोजणीवाला आल्ता, त्यानंच जागा दावली.
आमचा चुलता म्हनायचा, कवाच न्हवती.
त्याला काय, शेवटाला घरचं दार सापडंना त्याला.
पुरात बुजली असंल.
ह्यो बघा, ह्या दगडाखाली.
लई ग्वाड पानी. न्हानपनी
मी पेलोय की हितलं, वंजळीनं."

दगडाला हळद होती,
कालचं जास्वंद होतं.

मी तोंड उघडलं.
सांगायचं होतं; सांगण्यापुरती
हवाही घेतली होती छातीत.
पण त्यांची ओंजळ अजून तशीच, पुढे धरलेली,
सत्तरीतली बोटं घट्ट मिटून,
फट राहू नये म्हणून.

मग आतून तांब्या आणला त्यांनी, नळाचं पाणी.
"ह्येला ती सर न्हाय," म्हणाले.
प्यायले.
"नसणारच," म्हटलं.

खाली उतरले तोवर
बाईनं गोधडी घाटावर वाळत टाकली होती,
लाल, निळी, एका कोपऱ्याला शाळेच्या गणवेशाची खाकी,
सात पायऱ्या झाकून.
पुन्हा मोजल्या. सात,
आणि गोधडीखालून पाण्यात गेलेल्या आणखी कितीतरी.

मी दाखवल्या होत्या चार.