मुदत

दिवसभर मी बंकापुरे मेडिकलमध्ये मुदती वाचते.
स्ट्रिप उलटी करायची, ट्यूबलाइटकडे धरायची,
संपलेली असेल तर टेबलाखाली, खोक्यात.
म्हणून साखर पेठेतला स्टुडिओ आवरताना
हत्तरकी मामांनी तो रोल पुढे केला,
ब्लॅक अँड व्हाइट, बारा फोटोंचा, जून २००४,
तेव्हा मी आधी खोकंच शोधलं.

"टाकू नको. वीस उन्हाळे काढलेत त्यानं
ह्या लोखंडी कपाटात.
दर दहा वर्षांना एक स्टॉप उजेड जास्त द्यायचा.
म्हणजे दुप्पट. आणि परत दुप्पट.
उजेडाला सोलापुरात काय तोटा?"

कॅमेरा गड्ड्यावरचा,
पिपाण्या आणि चाक निखळलेल्या मोटारींच्या ढिगात सापडला.
दीडशे सांगितले, ऐंशीला दिला.
भिंगसुद्धा प्लास्टिकचं,
वजन एका कडक भाकरीएवढं.
वर दोन चित्रं आहेत, सूर्य आणि ढग.
ढगाकडे काटा मी अजून नेलेला नाही.

उजेड वाढवायची दुसरी सोय त्यात नाही.
मग एकाच चौकटीवर खटका चारदा दाबायचा,
आणि तोवर कुणी हलायचं नाही.
हे कुणाला सांगणार?
मिलची चिमणी हलली नाही, तिला कुठं जायचंय.
कंबर तलावातली म्हैस दोन खटके थांबली.
विड्यांची पाटी कमरेवर घेऊन अंबुबाई वल्लाळ
तीनपर्यंत नीट उभ्या होत्या, मग म्हणाल्या,
"अगं, कारखान्याचा माल घ्यायचा टाइम झाला,"
आणि चौथ्याच्या आत चौकटीबाहेर.

नायना मागावर होते.
चौतीस वर्षं त्या खडखडाटात काढून
त्यांचे कान आता अर्धेच घरी येतात.
आम्ही त्यांच्याशी बोलतो तेही असंच:
एकदा,
मग दुप्पट,
मग परत दुप्पट.
त्यांना 'हलू नका' म्हणाले.
त्यांना ते 'घालू नका' ऐकू आलं,
आणि त्यांनी बनियनवरचा शर्ट काढून ठेवला.

रात्री मोरीच्या खिडकीला चादर ठोकली,
मोराची मान चुकलेली, सेकंड माल.
टॉर्च लावून पाहिली, एक किरण आत येईना.
कॉफी पावडर, धुण्याचा सोडा,
आणि खोक्यातल्या, मुदत संपलेल्या
व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, खलबत्त्यात कुटून.
(शेटना सांगू नका.)
पाणी वीस अंश हवं.
मे महिन्यात आमचा नळ रात्री दहाला सदतीस देतो.
उसाच्या गाडीवरून तीस रुपयांचा बर्फ आणला,
बादलीत डबा ठेवला, हलवत बसले.
वास असा, की शेजारच्या गाजमांच्या घरातून आवाज आला,
काय जळतंय का ओ?

पहिल्या चौकटींत धुकंच.
सोलापुरात धुकं, तेही इतकं.
त्यात मागच्या कागदावरचे आकडे उमटलेले,
तीन, चार, पुन्हा अर्धा चार.
चिमणी आली, काठाला वितळलेली.
म्हैस नाही, पण म्हशीएवढं काहीतरी आहे.
अकराव्यात माग स्पष्ट, अगदी खिळ्यांसकट.
नायना नाहीत.
त्यांच्या जागी नुसते हात, मोजले तर सात.
आठवा कुठं गेला कुणास ठाऊक.

ओली पट्टी नायनांनी बल्बकडे धरली,
मी औषधाची स्ट्रिप धरते तशी.
स्वतःला शोधलं नाही. हातही मोजले नाहीत.
कडेनं एक ओरखडा गेला होता,
त्यावर अंगठ्याचं नख फिरवत थांबले.
"पोगु तुटलाय इथं."
ओरखडा आहे तो, मी म्हटलं.
मग मोठ्यानं म्हटलं.
मग गाजमांकडे जाईल इतक्या मोठ्यानं.
"कळलं की," ते म्हणाले, "पण तुटलाय."

पट्टी दोरीवर लावली, खाली चिमटा, वाकू नये म्हणून.
वळून बघते तर नायनांनी लुंगी वर घेतलेली,
दोन्ही पाय बर्फाच्या बादलीत,
डोळे मिटलेले.
हलत नव्हते.
कॅमेऱ्यात रोल नव्हता.