तर्रीवाचून

डॉक्टरीणबाईंनी डबी हातात दिली.
आत सतरा खडे, तुरीच्या दाण्यासारखे,
दोन-तीन तर भिजवलेल्या हरभऱ्याएवढे.
"घेऊन जा डोमाजी, तुमचीच कमाई."

पोटाला चार भोकं, त्यावर चार पट्ट्या,
तिसऱ्या दिवशी यवतमाळहून एसटीनं घरी.
डबी मी मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवली.
पंचफुला म्हणाली, "फेका ना बाप्पा ते,
कोनी धने समजून फोडनीत टाकन."

चाळीस वर्षं मी पंगतीचा आचारी.
दारव्ह्यापासून दिग्रसपर्यंत
कोणाचं लग्न, कोणाची तेरवी, मारोतीचा भंडारा,
वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री दिसली नाही
तर लोक हात धुता धुता विचारायचे,
"डोमाभाऊ बिमार हाये काय?"

आता आहे.

कळलं ते सोनटक्क्यांच्या लग्नात.
गोळाभात होता. वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल.
चव पाहायला म्हणून एक गोळा फोडला,
मग, खरं सांगतो, दुसरा.
अर्ध्या तासात पोटात कोणी पोतं फरफटत नेऊ लागलं.
वाढपी "भात, भात" ओरडत होते
आणि मी मांडवामागून, नवरीच्या मामाला ओलांडून
टमरेल घेऊन नाल्याकडे.
पळालो तर फजिती, चाललो तर त्याहून मोठी.
बँडातलं एक पोट्टं हसलं. हसू दे.
पिवळं पाणी, आग, कपाळावर घाम.
परत आलो तर वरण बुडाला लागलेलं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, पित्त तयार होतंच,
साठवायची पिशवी तेवढी राहिली नाही.
मी समजलो ते असं:
गावातली टाकी पाडली,
नळ मात्र दिवसरात्र थेंब थेंब गळतोय.
एकट्या माणसाला पुरतं तेवढं.
दारात वऱ्हाड उतरलं की बोंब.

आता घरात तेलाची मालकीण पंचफुला.
चहाचा चमचा, सकाळी एक, रात्री एक,
तोही काठापर्यंत नाही.
चिवळीची भाजी, ज्वारीची भाकर,
कढीला फोडणी लांबूनच दाखवलेली.
मी ताट सरकवलं की ती म्हणते,
"पिशवी काहाडली, तरी पित्त खवयतेच काहून तुमचं?"

कामावर जातोच. घरी बसून काय करू?
भाचा प्रज्वल चव पाहतो, मी कढईजवळ उभा.
तेल तापलं की नाही ते कानानं सांगतो,
मोहरी बोलली, थांब, आता मिरची.
तिखट नाकानं. मीठ मात्र नाकाला कळत नाही,
तिथे पोराच्या तोंडाकडे पाहावं लागतं
आणि तो मोबाईलकडे पाहत असतो.
दोनदा भाजी खारट गेली.
लोकांनी माझं नाव घेतलं, त्याचं नाही.

चैत्रात पारावर रोडगे लावले.
गोवऱ्यांच्या राखेतून काढून, फडक्यात झटकून, फोडले,
प्रत्येकात तूप, वर वांग्याची भाजी,
आणि तर्री अशी लाल, की तिच्यात मांडवाची झालर दिसावी.
माझा रोडगा कोरडा. ताकात बुडवून,
उलट्या घातलेल्या गंजावर बसून खाल्ला.
उकंडरावांनी जवळ येऊन विचारलं,
"आता गव्हाची खरी चव कयली असन ना, डोमा?"
शहाणपण शिकवायचा त्यांना सोस आहे.

मान हलवली.
खोटं कशाला बोलू, तर्रीच आठवत होती.

पंगत उठल्यावर गंजाच्या काठाला
लाल रेघ राहिली होती, थंड, जराशी थिजलेली.
इकडे तिकडे पाहिलं. पंचफुला बायांत बसलेली.
शाळेच्या संडासाची कडी उघडी आहे, तेही पाहून घेतलं,
आणि करंगळी बुडवली.