मेट्रिक दोनशे

रक्तपेढीच्या मागच्या खोलीत, पिशव्यांच्या फ्रीजशेजारी
सर्व्हर ठेवलाय. दोघांनाही गारवा लागतो,
म्हणून एकच एसी, आणि तो माझ्या खुर्चीवर गळतो.

मार्चमध्ये देगलूर रोडला जेसीबीनं चर खणला,
दुपारी सव्वादोनला फायबर तुटली.
बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या इथं फ्रीजमध्ये होत्या
आणि मुखेडच्या दवाखान्यात, स्क्रीनवर,
नुसती गोल चकरी फिरत होती.
शेवटी तिथल्या नर्सनं फोन केला.
कांबळेमामा मोटारसायकलवर निघाले,
पेट्रोलच्या टाकीवर थर्माकोलचा डबा.
बाई वाचली.
सचिव मला म्हणाले, "गंगासागर,
हे असंच होऊलालं तर तू बसून करूलालीस काय?"

म्हणून दुसरी लाईन घेतली.
दुसरी कंपनी, दुसरं बिल, दुसरा राऊटर.
पहिलीला लिहिलं मेट्रिक शंभर, दुसरीला दोनशे.
यंत्राकडं लहान आकड्याला मोठा मान,
आमच्या घरी उलटं.
रात्री दहाला पहिलीची तार मीच उपटली.
तेरा सेकंद
काही नाही.
मग दुसरी बोलली.
मी एकटीनंच टाळी वाजवली, फ्रीजनं घरघर केली.

जूनमध्ये पुन्हा.
दोन्ही राऊटरचे दिवे हिरवेगार,
सर्व्हर म्हणतोय सगळं ठीक,
मुखेड म्हणतंय काहीच नाही.
उशीर होईल सांगायला आईला फोन लावला.
ती हौदापाशी, आठव्या दिवसाचा नळ सुटलेला.
तिला काय कळणार, तरी सगळं सांगितलं.
म्हणाली, "मोटर वरडूलालीय म्हणून पाणी आलं का गं?
पाईपाखाली हात धर की."

माझा सर्व्हर फक्त खोलीतल्या राऊटरला विचारत होता,
आहेस का? आणि तो म्हणायचा, आहे.
दारातल्या माणसाला गावाची खुशाली विचारावी तसं.
आता मी त्याला लांबचे दोन पत्ते दिले,
दर पाच सेकंदांनी हाक मारायची,
तीन हाका वाया गेल्या की वाट बदलायची.
आणि पहिली परत आली तरी लगेच धावायचं नाही,
दोन मिनिटं थांबायचं.
हेही आईचंच: पहिलं पाणी गढूळ, वाहू दे.

पण त्या दिवशी हात धरूनही हात कोरडाच होता.
मी तारांच्या मागं चालत निघाले,
एक काळी, एक निळ्या रेघेची.
खांबावरून खांबावर, रसवंतीच्या पत्र्यावरून,
एका हनुमानाच्या कळसाला वळसा घालून
दोघी पुलापाशी खाली उतरल्या
आणि एकाच पाईपात शिरल्या.
दोन कंपन्या, दोन बिलं, एक खड्डा.
जेसीबीवाला डबा खात बसला होता.
"ताई, वरून मातीच दिसते," म्हणाला,
आणि ते खरं होतं.

तिसरी आता हवेतून येते.
गच्चीवर अँटेना, सिमकार्ड, मेट्रिक तीनशे.
महाग, म्हणून तिच्यावरून फक्त पिशव्यांचा हिशेब जातो,
कॅमेरे नाहीत, सचिवांचे व्हिडिओ नाहीत.
त्यावरून ते आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी.

परवा लॉग उघडला.
पहाटे तीन बारा, पहिली गेली.
त्याच सेकंदाला दुसरी.
तीन बारा आणि वीस सेकंद, तिसरी आली.
तीन वीसला कुणीतरी देवणीहून
ओ पॉझिटिव्हच्या तीन पिशव्या राखून ठेवल्या.
चार एक्केचाळीसला सगळं जागेवर.
मी झोपले होते. कुणाचाही फोन नाही.

हे कुणाला सांगावं कळेना.
बाहेर आले तर कांबळेमामा
थर्माकोलचा तोच डबा धुऊन
कठड्यावर पालथा घालत होते.
मार्चपासून रोज धुतात.
त्यांचा आकडा मी कुठल्याच फाईलमध्ये लिहिलेला नाही.
"गाडीत तेल आहे का मामा?" मी विचारलं.
"अर्धी टाकी," ते म्हणाले,
"मुखेडला जाऊन यायपुरतं."