दंड

डलुथच्या वाचनालयात परतीच्या खिडकीवर मी बसते,
मंगळवार ते शनिवार.
समोरून लोहखनिजाची जहाजं जातात,
इतकी लांब, की एक पुरतं सरकेपर्यंत
माझा डबा खाऊन होतो.

काल लेम्पी आली. वय एकोणनव्वद.
पावाच्या पिशवीत गुंडाळलेली कादंबरी,
परतीची तारीख ९ नोव्हेंबर १९६८.
'दंड किती?'
म्हटलं, दंड आम्ही केव्हाच बंद केला.
'मग कुठल्या तोंडाने परत करू?'

ऑर्व्हिल निएमीची पहिली कादंबरी.
खाणकामगाराचा मुलगा, पावाच्या भंगार व्हॅनमध्ये राहायचा.
लष्कराचं बोलावणं आलं तेव्हा
त्याच कागदाच्या पाठीवर
हेरिंग माशांच्या उधारीचा हिशेब मांडून
कागद सरकारला साभार परत केला.
अकरा महिने आत. दोन दात गेले.

पुस्तक गावाने वाचलं नाही,
वाईट आहे एवढं मात्र गावाला पाठ होतं.
वाचनालयाने प्रत तळघरात टाकली, शेगडीच्या बाजूला.
'म्हणून नेलं मी. चोरीच म्हण.'
टंकलेखनही तिचंच.
तो व्हॅनमध्ये येरझाऱ्या घालत बोलायचा,
ती गुडघ्यांवर मशीन घेऊन बडवायची.
'स्वल्पविराम सगळे माझे.
श्वास कुठे घ्यायचा, त्याला कळतच नसे गं.'

आता त्याच्या नावाची बिअर मिळते, कडू.
गोदीच्या भिंतीवर तीन मजली चेहरा,
रंगाऱ्याने दात सगळे भरून दिलेत.
तशीच एक व्हॅन भाड्याने मिळते,
रात्रीचे दोनशे डॉलर, वर टॉवेल.
ऑगस्टमध्ये पोरं येतात,
दंडावर त्याची वाक्यं गोंदवून.
त्यातलं एक त्याचं नाहीच, लेम्पी म्हणते,
ते माझ्या आईचं, पेरूला मीठ लावतात तसं
ती ते प्रत्येक भांडणाला लावायची.
(पेरू तिने म्हटलं नाही. ते मी घातलं.)

आणि दुसरी कादंबरी?
सातशे पानं. त्याने ती सुपिरिअरमध्ये बुडवली,
एप्रिलमध्ये, बर्फ फुटल्यावर.
मी तिला सांगितलं, आमच्याकडे
नदीत बुडवलेल्या वह्या
तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या होत्या.
ती बराच वेळ जहाजाकडे पाहत राहिली.
'त्यांना दगड बांधला होता?'
हो, म्हणतात.
'कुणी बांधला, त्यावर असतं.
इथला मी बांधला. तो म्हणाला, घट्ट बांध.'

मग अगदी सहज, हातमोजे चढवताना,
'कार्बन कागद आहेत माझ्याकडे.
उजेडासमोर धरले तर अक्षरं दिसतात.'
धरता का?
'छे! तो नको म्हणाला होता.'
दारापर्यंत गेली, थांबली.
'फाडलेही नाहीत.'

सतरा डॉलर, सगळी चिल्लर, माझ्या टेबलावर.
संगणकात दंडाचा रकाना उरलेला नाही,
आणि पुस्तक तर त्याच्या लेखी जन्मलंच नाही.
मी ते घरी आणलंय.
पान एकशे बारा, ओळ चौथी:
पेन्सिलीने खोडलेला एक स्वल्पविराम,
दुसऱ्या हाताने पुन्हा घातलेला,
पुन्हा खोडलेला,
पुन्हा घातलेला, इतका दाबून
की कागदाला भोक पडलंय