शेवटून दुसरा वेढा

सारातोवमध्ये नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
त्याआधी अर्धा तास
मी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालू करून ठेवतो.
अंगात ऊब यायला त्याला वेळ लागतो,
आईच्या गुडघ्यांसारखा.

चार काचेच्या नळ्या. आधी काळोख,
मग आत केशराची एक काडी,
मग खोलीभर तापल्या धुळीचा वास.
आठ वॉट. हसण्यावारी न्यावी एवढीच ताकद.
पण चेलो लागला
की वादकाच्या कोपरात हाड असल्याचं कळतं.

शेजारी दुसरा. रुस्तेमने दिलेला, ट्रान्झिस्टरचा.
काळा, सपाट, कपाळावर निळा ठिपका.
बटण दाबलं की हजर,
जसा काही दाराआडच उभा होता.
शंभर वॉट. तापत नाही, गुणगुणत नाही,
मांजर त्याच्यावर बसत नाही.
मी त्याला हिशेबनीस म्हणायचो:
सगळं बरोबर सांगतो आणि काहीच सांगत नाही.

आईने एकतीस वर्षं व्हॉल्व्ह बनवले.
व्हॉल्व्ह नाही रे, ती म्हणते, नुसती जाळी.
यंत्र तार गुंडाळायचं, केसाहून बारीक,
आम्ही भिंगाखाली वेढे सारखे करायचो.
चिमटा, पांढरी टोपी. पावडर लावायची नाही,
लोकर घालायची नाही,
आणि रात्री रडून आलेलीने
सकाळी खोकी मोजायची, चिमटा धरायचा नाही.

तिच्यासाठीच घेतला होता मी तो, जुन्या बाजारातून,
दीड पगार मोजून. तिच्या हातचं तिला ऐकवावं म्हणून.

वाढदिवसाला तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं,
पडदा ओढला, नाहीतर काचेत नळ्या दिसल्या असत्या.
तीच तबकडी, तोच संथ भाग,
आवाज मीटर लावून सारखा केलेला.
कुठला आवडला?
दुसरा.
पुन्हा, अदलाबदल करून.
पहिला.
पाच वेळा विचारलं. पाचही वेळा
रिम्मा अर्काद्येव्ना हिशेबनिसाच्या बाजूने.

पण तो कोरडा आहे, आई!
कोरडा कुठला, गप्प आहे.
तुझा तो गुणगुणतो. तू त्याला ऊब म्हणतोस,
मला तिसरी पाळी ऐकू येते,
दीडशे बायका आणि हवा खेचणारे पंप,
घरी येऊन उशीत डोकं खुपसलं तरी तेच.
याच्यात दोन सुरांच्या मधे कोणी नसतं.
मला ते बरं वाटतं, कोणी नसणं.

मी सम हार्मोनिकचं काहीतरी सांगू लागलो.
तिने हात वर केला.
बंद कर, निवू दे, एक काढून दे.

रुमालात धरून तिने नळी दिव्याखाली फिरवली,
कुट्टूतले खडे शोधावेत तशी.
माथ्यावरचा डाग अजून चंदेरी. हवा शिरली
की तो दुधासारखा पांढरा पडतो, म्हणाली, ही जिवंत आहे.
मग भिंग. पत्र्याच्या फटीतून बराच वेळ.

माझी नाही.
शेवटून दुसरा वेढा बघ, किंचित डावीकडे.
क्लावा. तिचा हात तिथेच अडायचा,
दर वेळी, आणि दर वेळी मी तिच्या नावावर
पास लिहायचे.

क्लावा आहे का अजून?
माहीत नाही. पुलापलीकडे मुलीकडे गेली होती,
तेव्हा पूल नवा रंगवत होते.

नळी तिनेच परत बसवली, न बघता,
नऊ पिना बोटांनी मोजून.

आता संध्याकाळी दोन्ही चालू असतात.
चेलो निळ्या ठिपक्यातून येतो.
नळ्या नुसत्याच पेटलेल्या, काही न वाजवता.
मी एकदा बंद करायला गेलो,
तर म्हणाली, राहू दे की, तुझं काय जातं.

माझं वीजबिल जातं.
या महिन्याचं आलंय, टेबलावर पडलंय,
आणि त्यावर मांजर.